गोठलेलं खोबरेल

थंडी आली हे मला पंचांगानं सांगावं लागत नाही, माझ्या नडग्या सांगतात. दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले, सकाळी आंघोळ करून पाय पुसले आणि पुसता पुसताच ते पिठूळ दिसायला लागले, की समजायचं, आता फाल्गुनापर्यंत हेच. पस्तिशी उलटली, तळेगावच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले, लोक मला अहो-जाहो करतात. पण कातडीला त्याचं काय? ती अजून वलवणचीच आहे.

काल तिसरीच्या वर्गात गणित सांगत होते. पहिल्या रांगेतल्या एका मुलीच्या पायांकडे माझं लक्ष गेलं, आणि तिनं चटकन पाय परकराखाली ओढून घेतले. मी फळ्याकडे वळले. त्या ओढून घेण्याची मला इतकी जुनी ओळख आहे की वजाबाकीत हातचा विसरले. पोरींनीच चूक दाखवली. मधल्या सुट्टीत तिला जवळ बोलावून विचारलं, "घरी काय लावता गं पायांना? खोबरेल लाव की."

"आई लावू देत न्हाई बाई. म्हणती, खोबरेल थंड असतंय, छातीत सर्दी भरंल."

मला हसू आलं. अगदी हेच वाक्य, याच सुरात, मी तिच्याएवढी असताना ऐकलं होतं. मग दिवसभर माझं काही शिकवण्यात लक्ष लागेना.

आमचं घर वलवणला, धरणाच्या तलावापासून दोन शेतं अलीकडे. पौषात सकाळी तलावावर धुकं असं बसायचं की गोठ्यातून घर दिसायचं नाही. तलाव झाल्यापासून थंडी वाढली, असं आबा, म्हणजे माझे वडील, म्हणत. त्यांच्या मते तलाव झाल्यापासून सगळंच वाढलं होतं : थंडी, डास, आणि साहेबलोकांच्या मोटारी. भात झोडून झालेलं असे. खळ्यावरच्या पेंढ्यावर आम्ही पोरं लोळायचो आणि बाकीच्यांच्या अंगाला नुसती खाज सुटायची. माझ्या पायांतून रक्त यायचं.

माझी कातडी जन्मापासून कोरडी. उन्हाळ्या-पावसाळ्यात निभायची, पण थंडी पडली की नडग्यांवर खवले उभे राहायचे, टाचांना भेगा, आणि भेगांत धूळ. फुगडीला माझा हात धरावा लागला की शेजारची सखू हात परकराला पुसायची. धरायच्या आधी नव्हे, धरून झाल्यावर. मी ते पाहिलं नाही असं दाखवायची. कसली न पाहतेय! नऊ वर्षांच्या पोरीला असल्या गोष्टी तेवढ्या बरोबर दिसतात.

उपाय काय कमी झाले? दुधाची साय, लोणी, हळद घालून खुरासणीचं तेल, एकवीरेचा अंगारा, आणि कुण्या वैदूनं दिलेली एक साल, जी उगाळून लावल्यावर मी अंगणभर थयथय नाचले होते. खुरासणीच्या तेलानं भेगा जरा मऊ पडत, पण सगळं अंगण पायाला चिकटून घरात येई. खोबरेल मात्र आईला मंजूर नव्हतं. ते डोक्याला, तेही उन्हाळ्यात. थंडीत अंगाला लावलं की पोर खोकायला लागते, यावर तिचा ठाम विश्वास.

माझी आई तोंडाची फटकळ. ती बोलायला लागली की अंगणातल्या कोंबड्यासुद्धा परसात निघून जात. पण माझे पाय धुताना तिचा आवाज बसायचा. दगडानं न घासता नुसत्या बोटांनी ती ते धूत बसे आणि मध्येच म्हणे, "कोन पदरात घेईल गं तुला?" मला त्या प्रश्नाचं काही वाटत नसे. तिच्या तोंडाकडे बघितलं की मात्र वाटे.

त्या वर्षी कार्तिकी एकादशीला आईनं गावातल्या देवळात जाऊन गळ्यात तुळशीची माळ घालून घेतली. "पोरीचं पाय बरं हूं दे, जलमात मास-मासळी शिवनार न्हाई," असं बोलून आली. ज्यांनी माझ्या आईला सुकट खाताना पाहिलं नाही त्यांना यातलं काही कळायचं नाही. भाकरीवर कांदा आणि तव्यावरची सुकट मिळाली की ती बाई राणी व्हायची. ती सुकटीची गाडगी तिनं स्वतःच्या हातानं उचलून शेजारी देऊन टाकली. आबांनी तोंड उघडलं होतं, पण तिच्याकडे बघून मिटलं.

आता काकीचं सांगते. आबांचे धाकटे भाऊ, तात्या, लोणावळ्याच्या इंजिनशेडात फायरमन होते. त्यांचं लग्न त्याच वैशाखात झालं होतं. मुलगी अलिबागकडची, नारळीच्या वाडीतली. काकीचा रंग सावळाच, पण कातडी अशी नितळ की हात लावून बघावासा वाटे. बाया पाणवठ्यावर तिला चिडवत, "तुमी कोकणातली मानसं त्यालातच पव्हता व्हय गं?" ती हसून म्हणे, "पवतो तर! तुमी या एकदा, तुमाला पण बुडवते."

पहिल्या दिवाळीला ती माहेरी गेली आणि परत येताना पायलीभर वाल आणि बरणीभर खोबरेल घेऊन आली. आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं वालाचं बिरडं केलं, आणि त्याला फोडणी घातली खोबरेलाची. घरात वास सुटला तशी आई चुलीपाशी गेली.

"अगं यमुने, डोईचं त्याल चुलीवर घातलंस? उद्या शिकेकाईची आमटी करशील!"

काकी म्हणाली, "अक्का, आमच्याकडं ह्यातच करतात. खाऊन तर बघा." ती आईला अक्का म्हणायची.

आबा जेवून उठले आणि हात धुताना म्हणाले, "आज जेवलो का डोई चोपडून घेतली, कळंना." सगळे हसले. काकीही हसली, पण तिनं पानात घेतलेलं बिरडं तसंच राहिलं. दुसऱ्या वेळी केलं तेव्हा आबा काही बोलले नाहीत. तिसऱ्या वेळी, सगळे जेवून उठल्यावर, आई पातेल्याचा तळ भाकरीनं पुसून खाताना मी बघितली. माळ घातल्यावर सुकट सुटलेली; तिच्या जिभेला काहीतरी आधार हवा होता. ती मला म्हणाली, "बगतीस काय? वाया कशाला घालवायचं?" नंतर दर आठ दिवसांनी तीच काकीला आठवण करायला लागली, "वाल भिजत घातल्यात न्हवं?"

जिभेपर्यंत तेल गेलं, पण माझ्या पायांपर्यंत त्याला वाट नव्हती. ती काकीनं चोरून काढली. माहेराहून आल्याच्या दुसऱ्या दिवशीच, दुपारी आई शेतावर असताना, तिनं मला परसात बसवलं, माझे पाय मांडीवर घेतले आणि तेल चोळायला लागली. कुणी माझे पाय आपणहून मांडीवर घ्यावेत याची मला सवय नव्हती. मी अंग चोरून बसले. ती म्हणाली, "सैल सोड गं बाय. पाय हायेत, चोरीचा माल नाय." ती रोज लावायची. आठ दिवसांनी आईनं माळ घातली, तेव्हा काकी मला म्हणाली, "आता तर अक्काला सांगूच नको. त्यांनी देवाला घातलंय ना. त्यांचं मन मोडेल." माझ्यासाठी तिनं एका वाटीत तेल काढून गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवलं.

मी हावरट. दुपारचं काकी लावायची, आणि पहाटे गोठ्यात शेण काढायला गेले की मी आणखी एकदा लावायची. पहाटे त्या वाटीत तेल पांढरं, घट्ट असायचं. मी नखानं टवका काढून तळव्यावर ठेवायची आणि तो बघता बघता पाणी व्हायचा. मला वाटे, सगळ्याच तेलांचं असं होत असेल. कुणाला विचारणार? चोरून लावणारी पोर शंका विचारत नाही.

मार्गशीर्ष सरता सरता माझे खवले गेले. टाचा मिटल्या. आईनं एके दिवशी पाय धुताना बोटं फिरवली, पुन्हा फिरवली, आणि मग माझे दोन्ही पाय छातीशी धरून ती रडली. माळ डोळ्यांना लावली. दारातून काकी हे बघत होती. तिनं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि आत निघून गेली. मी आजही विचार करते, त्या वेळी तिला काय वाटलं असेल? केलेल्या कामाची पावती दुसऱ्याच्या नावानं फाटताना गप्प बसणं सोपं नसतं. मला तर वर्गात माझी कल्पना दुसऱ्या बाईंनी सांगितली तरी दोन दिवस जेवण गोड लागत नाही.

चुलीच्या उबेला ठेवलेली बरणी पौषात संपली. काकीच्या भावानं रेल्वेतल्या कुणाच्या तरी हाती तेलाचा बंद डबा पाठवला. तो पडवीत, गार भिंतीशी तसाच राहिला. त्या आठवड्यात थंडीनं कहर केला होता. काकी तेव्हा बाहेर बसलेली. चार दिवस तिला चुलीशी यायचं नव्हतं. वाल भिजत घातलेले, म्हणून आई म्हणाली, आज बिरडं मीच करते. तिनं डब्याचं झाकण उचकटलं, आत पळी घातली, आणि पळी आत जाईना.

आत पांढरंशुभ्र, दगडासारखं घट्ट.

आईच्या हातून पळी पडली. त्या साली लोणावळ्याच्या बाजारात तुपात चरबी मिसळतात अशी आवई उठली होती. आईनं साहेबांच्या बंगल्यावर दूध घालताना तिथल्या खानसाम्याकडे चरबीचे डबे पाहिले होते, ते असेच पांढरे. तिनं पदर नाकाला लावला आणि ओरडली, "चरबी! रांडं, चरबी खाऊ घातलीस मला?"

काकी पडवीच्या टोकाला बसलेली, तिथूनच ती म्हणाली, "अक्का, तेलच हाय हो! देवाशपथ. थंडीनं झालं असेल."

"त्याल कदी गोठतंय व्हय? आमचं खुरासणीचं कदी गोठलं न्हाई, करडीचं गोठलं न्हाई, तुजंच बरं गोठतंय!"

"चुलीशी ठेवा, वितळेल."

"चरबी बी इतळतीच की!"

वाईट हे की काकीचा स्वतःचाच धीर खचला होता. समुद्राकाठच्या तिच्या घरी बरणी कायम चुलीशी, थंडीत तेल फार तर जरा दाट व्हायचं; असा दगड झालेला तिनं जन्मात पाहिला नव्हता. आमच्याकडे हे तेल थंडीत कुणी ठेवत नसे, तिच्याकडे अशी थंडी पडत नसे. घाट चढून ते तेल आमच्या पडवीत आलं नसतं, तर दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी शहाणीच राहिली असती.

संध्याकाळी तात्या ड्युटीवरून आले. आईनं डबा त्यांच्यापुढे सरकवला. ते शेडातले, काळ्या हातांचे, सरळ मनाचे गृहस्थ. त्यांनी वाकून बघितलं आणि आपल्याच बायकोच्या विरुद्ध साक्ष दिली. "वैनी, आमच्या शेडात इंजिनाला लावायला चरबी येती. दिसाया तर आशीच." ओणवून वास घ्यावा, बोट लावावं, इतकंही त्यांना सुचलं नाही. डोळ्यांनी बघितलं आणि निकाल दिला. पुरुषमाणसांचं हे मला कधी कळलेलं नाही.

आईनं गळ्यातली माळ उतरवून देव्हाऱ्यात ठेवली. "दोन म्हयनं मी चरबी खाल्ली," ती म्हणाली, "आता ही माळ कुण्या तोंडानं घालू?" ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिनं तात्यांना सांगितलं, चार दिवस सरून यमुना न्हाली की तिला माहेरी पोचवा, ही बाई मला घरात नको. आबा समजावायला गेले, तर त्यांनाही दोन शब्द ऐकावे लागले. मी काकीपासून चार हातांवर बसले होते. ती म्हणाली, "चंद्रे, भावानं घाण्यावरून आणलं का बाजारातून, मला काय ठाऊक? कुणी खरंच मिसळलं असेल तर?" आणि गुडघ्यांत तोंड घातलं.

मला ठाऊक होतं. आई "त्याल कदी गोठतंय व्हय?" म्हणाली तेव्हाच माझ्या मनात आलं होतं, माझं तर रोज गोठतं. पण सांगू कशी? सांगितलं तर वाटी कुठून आली तेही सांगावं लागणार. काकीनं चोरून लावलं, आईनं मनाई केलेलं लावलं, हे कळणार. आईची माळ खोटी पडणार. या सगळ्या मोठ्या विचारांनी मी गप्प बसले, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं सांगते, माराला भ्याले. माझ्या आईचा हात तिच्या तोंडापेक्षा जड होता.

त्या दिवसांत मी वाटीला हात लावला नाही. गोठ्यात गेले की कोनाड्याकडे पाठ करून शेण काढायची. आणि अशी थंडी, तसले माझे पाय. चौथ्या दिवशी खवले पुन्हा उठले, डाव्या टाचेची भेग उलली. आईनं ते पाहिलं. ती ओरडली नाही. माझ्यासमोर खाली बसली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बग. गेली माळ. देवानं परत घेतलं." चार दिवसांची उपाशी, ओठ सुकलेले, मोकळा गळा. मी तोपर्यंत आईला रागावलेली पाहिली होती, रडतानाही पाहिली होती. हरलेली पाहिली नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी काकी न्हाली. अंगणात तिची पत्र्याची ट्रंक होती, शेजारी कोट घातलेले तात्या. घाट उतरून खोपोली, तिथून पुढे पेणवरून अलिबाग. काकी आईच्या पाया पडायला आली, आईनं पाय मागे घेतले. ते पाय मागे घेणं बघितलं आणि मी गोठ्याकडे पळाले. वाटी घेऊन आले ती सरळ आईपुढे.

"आई, हे बघ. हे बी तसलंच हाय."

"टाक ते! शिवू नगंस!"

मी नखानं टवका काढला आणि तळहातावर धरला. अंगणात सगळे उभे, आणि त्या पांढऱ्या टवक्याच्या कडा पाणी व्हायला लागल्या. मग सगळाच विरघळला, तळव्याच्या रेघांतून मनगटाकडे ओघळला. वास आला. खोबऱ्याचा, स्वच्छ. तात्यांनी माझा हात ओढून नाकाशी नेला, आपल्या अंगठ्यानं चोळून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"वैनी, चरबी आशी हातावर न्हाई इतळत. ती चिकटून बसती, राकेल लावून काढावी लागती. हे त्यालच हाय. मी गाडव, शेंबडं पोर बी सांगंल ते मला कळलं न्हाई."

आईनं माझ्याकडे बघितलं. "तुज्याकडं ही वाटी कुटनं?"

मी सगळं सांगितलं. दिवाळीपासून. दुपारचं, पहाटेचं, सगळं. मार पडेल म्हणून खांदे वर करून सांगितलं. पण आईचा हात उठला नाही. ती देव्हाऱ्याकडे बघत होती.

"म्हंजी पाय त्यालानं बरं झालं," ती म्हणाली. "मंग माजी माळ कशापायी?"

मी तिचा देव तिच्या हातातून काढून घेतला होता, एवढं मला कळत होतं. आणि मग जिला पाच दिवस शिवीगाळ झाली, जिची ट्रंक अजून अंगणात होती, ती काकी पुढे झाली. ओल्या केसांनी देव्हाऱ्यापाशी गेली, माळ उचलली, आणि आईच्या समोर येऊन बसली.

"अक्का, काय मनात आणता? माझ्या भावाच्या पोरीचं कातडं असंच हाय. तिला जन्मापासून हेच तेल लावतात, आमच्या घरच्या नारळांचं. तिच्या भेगा अजून गेल्या नायत. तेलानं जायच्या असत्या तर तिच्या पयल्या गेल्या असत्या ना? चंद्रीच्या गेल्या, त्या तुमी माळ घातली म्हणून."

आईनं मान पुढे केली. काकीनं माळ घातली. आई म्हणाली, "तात्या, ती टरंक आत न्या. आन् यमुने, चूल पेटीव. चार दिस झालं, पोटात काय न्हाई." काकी उठायला लागली तर आईनं तिचा हात धरून ठेवला, आणि मग स्वतःच हुंदके द्यायला लागली. माफी वगैरे मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा काकीला आधी वाढलं आणि मग स्वतःचं पान घेतलं.

तेल नंतर उघडपणे लावायला लागले. आईच लावायची, "इठ्ठल इठ्ठल" म्हणत. तेल आणि विठ्ठल, दोन्ही मिळून माझ्या पायांना सोसलं.

चैत्रात अलिबागहून लग्नाचं बोलावणं आलं. घरात वाचता येणारी मीच, म्हणून आईनं पत्र माझ्या हाती दिलं. काकीच्या भावाचं लग्न होतं. काकीला भाऊ एकच, त्या भेगांच्या पोरीचा बाप म्हणून सांगितलेला तोच. मी वाचता वाचता थांबले. आईनं विचारलं, "पैलंच लगीन न्हवं त्याचं?" मी पत्र पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "व्हय. पैलंच."

चुलीपाशी काकी भाकऱ्या थापत होती. तिचा हात थांबला. आईनं पत्राची घडी घातली, ती कमरेला खोचली, आणि काकीच्या शेजारी पाट ओढून बसली.

"सरक तिकडं," ती म्हणाली, "तू दमलीयास. आता मी थापते."